पुठ्ठ्यावरचा सूर्य

पहाटे साडेपाचच्या सुमारास त्या घराच्या माडीवरून णमोकार मंत्राचे स्वर ऐकू येत. आवाज काहीसा जड आणि ओढलेला असे, पण मंत्र अखंड, एकही अक्षर न गळता. जिनमंदिरात दर्शनाला निघालेली पेठेतील माणसे खाली थबकत आणि समाधानाने म्हणत, “आप्पांची वाचा परत आली म्हणायची!” त्यानंतर दहाच मिनिटांनी माडीवर सूनबाई विचारीत, “आप्पा, आधी चूळ भरता की पाणी देऊ?” आप्पांचे ओठ हलत, कपाळावर आठी पडे, आणि शब्द बाहेर येई, “हळद.”

पाणी हवे असले तरी हळद, खिडकी लावायची असली तरी हळद, नातवाला जवळ बोलवायचे असले तरी हळदच. दक्षिण महाराष्ट्रातील एका बाजारगावात चाळीस वर्षे हळद-गुळाची आडत चालविलेल्या या माणसाच्या जिभेवर त्या मालाचे नाव तेवढे उरले होते. दिवाळी होऊन पंधरवडा लोटला होता आणि वहीपूजनाच्या नव्या वह्यांची थोडीच पाने भरली होती, तेव्हा एका सकाळी गादीवर बसल्या बसल्या आप्पांच्या हातातील लेखणी गळाली आणि उजवी बाजू लुळी पडली. शहरातील रुग्णालयात तीन आठवडे काढून ते घरी आले. काठीच्या आधाराने चार पावले टाकण्याइतके बळ पायांत आले होते, उजवा हात मात्र निकामी झाला. वाणीची शिल्लक मोजायला वेळ लागत नसे: एक ‘हळद’, एक ‘हो’, आणि लहानपणापासून पाठ असलेले सारे. म्हणजे मंत्र, वारांची नावे, एकपासून वीसपर्यंतचे आकडे.

या पाठांतरानेच घरात गोंधळ माजविला. भेटीस आलेले एक वडीलधारे नातलग निघताना म्हणाले, “मंत्र खणखणीत म्हणतात, मग पाणी मागायला काय होतं? हट्ट आहे सगळा.” दुसऱ्यांनी हळू आवाजात, पण आप्पांना ऐकू जाईल असेच सांगितले, “मंत्र सवयीनं येतो हो. डोकं गेलंय त्यांचं.” दोन्ही निदाने आप्पांच्या समोर झाली. त्यांनी मान खिडकीकडे वळविली. पुढे पाहुणे आले की ते डोळे मिटून पडून राहू लागले, आणि घरच्यांना वाटले, झोप वाढली आहे.

चैत्रात जिल्ह्याच्या गावाहून वाचाउपचारतज्ज्ञ बाई प्रथम आल्या. त्यांनी तासभर आप्पांसमोर बसून प्रश्न विचारले, वस्तू दाखविल्या, चित्रे ओळखावयास लावली आणि मग घरच्यांना समजावून सांगितले. याला वाचाघात म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तपुरवठ्याला धक्का बसला की बहुतेकांच्या बाबतीत भाषेचे केंद्र दुखावते. वर्षानुवर्षे घोकून मुरलेले शब्द, म्हणजे प्रार्थना, आकडे, गाणी, कधी शिव्याही, आपल्या चाकोरीतून घरंगळत बाहेर येतात. परंतु ‘मला आता पाणी हवे’ हे वाक्य दर वेळी नव्याने जुळवावे लागते, आणि नेमकी ती जुळणीच मोडलेली असते. म्हणून मंत्र येतो आणि पाणी मागता येत नाही. यात हट्ट नाही आणि वेडही नाही. “त्यांना तुमचं बोलणं बरंचसं कळतं,” बाई म्हणाल्या. “लांबलचक, भराभर बोललात किंवा चौघे एकदम बोललात, तर सुटतं. एकेक, सावकाश बोलावं.”

घरच्यांनी मान डोलावली, पण विश्वास बसला नाही. तो बसला आठवड्याने, आणि एका जुन्या दलालामुळे.

सारी पेठ ज्यांना तात्या म्हणे, ते आप्पांचे समवयस्क दलाल भेटीस आले. बोलायचे काय, हे त्यांनाही सुचेना. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, आप्पांच्या डाव्या हातावर टाकले आणि आपला हात त्याखाली घातला. पूर्वी बाजारात सौदे असेच होत. दलाल आणि खरीददार कापडाखाली एकमेकांची बोटे धरून भाव सांगत. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही कळत नसे, की त्याच्या मालाचे मोल काय ठरते आहे. या रीतीला हत्ता म्हणत. तीत शेतकऱ्याचे नुकसान होई, म्हणून बाजार समित्यांच्या नियमांनी ती बंद झाली आणि उघड लिलाव आला, हे योग्यच झाले. परंतु त्या दोन म्हाताऱ्यांची बोटे ती भाषा विसरली नव्हती. तात्यांनी हळदीचा एक भाव सांगितला. आप्पांनी क्षणभर थांबून त्यांची बोटे दाबली. तात्यांनी पुन्हा सांगितले, आप्पांनी पुन्हा दाबली. तात्या एकदम हसले, त्यांचे डोळे भरून आले. खाली येऊन ते थोरल्या चिरंजीवांना म्हणाले, “अरे, मला शंभरानं पाडलं की यांनी! कोण म्हणतं डोकं गेलं?”

वैद्यकाच्या इतिहासात अशी बोटे पूर्वीही बोलली आहेत. 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यवैद्यांनी लबोर्न्य नावाचा रुग्ण तपासला. त्याच्या तोंडून ‘तां’ एवढेच अक्षर निघे, म्हणून रुग्णालयात त्याला सारे त्याच नावाने हाक मारीत. इथे किती वर्षे आहेस, असे विचारताच त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखविले. 21 वर्षे, आणि उत्तर अचूक होते. काही दिवसांतच तो मरण पावला. त्याच्या मेंदूत ब्रोकांना जी जखम आढळली, तिच्या जागेला आजही ब्रोकांचे नाव आहे. ज्याला 21 वर्षे एका अक्षराचा माणूस समजले गेले, तो आपल्या दिवसांचा हिशेब ठेवीत होता.

जैन तत्त्वज्ञानाला यात नवल वाटू नये. जीवाचे दहा प्राण सांगितले आहेत: पाच इंद्रिये, मनोबल, वचनबल, कायबल, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. मनोबल आणि वचनबल ही दोन वेगवेगळी बळे मानली आहेत. पाठशाळेत ही यादी पाठ केलेली मुले पुढे संसारात आणि व्यापारात रमतात, आणि घरातल्या माणसाची वाचा गेली की नेमका हाच भेद विसरतात. आप्पांचे वचनबल क्षीण झाले होते आणि कायबल अर्धे उरले होते. मनोबलाचा लेखाजोखा मात्र कोणी न तपासताच वजा केला होता.

बाईंनी संवादफलक करण्यास सांगितले. ज्यांना बोलता येत नाही, किंवा ज्यांच्या बोलण्यावर त्यांचे त्यांनाच विसंबता येत नाही, अशांसाठी जी साधने असतात त्यांतले हे सर्वांत साधे. एका पुठ्ठ्यावर घरे आखावयाची, प्रत्येक घरात चित्र आणि खाली ठळक शब्द. बोलणाऱ्याने बोट ठेवावे, ऐकणाऱ्याने तो शब्द मोठ्याने उच्चारावा आणि बरोबर समजले का, ते विचारावे.

पहिला फलक सपशेल फसला. धाकट्या चिरंजीवांनी घाईने संगणकावरून कुठलीशी परदेशी चित्रे छापून आणली. त्यांत काटेचमचे होते, टोपी घातलेला डॉक्टर होता आणि ‘भूक’ या घरात उकडलेले अंडे होते. आप्पांनी एकदा पाहिले आणि पुठ्ठा डाव्या हाताने पलंगाखाली ढकलून दिला. “बघा, त्यांना नकोच आहे,” असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

दुसरा फलक सूनबाई आणि दहावीतील नातू यांनी चार दिवस बसून केला. त्यात घरातला तांब्या होता, आप्पांची काठी होती, गावातील जिनमंदिराचे शिखर, पेढीवरची गादी आणि तराजू होता. घरातल्या सर्वांची छायाचित्रे एका पानावर लावली, आणि पेठेतल्या ओळखीच्या माणसांची दुसऱ्या. ‘हवे’, ‘नको’, ‘दुखते’, ‘थांबा’, ‘खोटे’ आणि ‘मला विचारा’ हे शब्द काठावर मोठ्या अक्षरांत होते. ‘सकाळ’ दाखविण्यासाठी नातवाने पिवळा सूर्य रंगविला. बाईंच्या सांगण्यावरून शेवटचे घर कोरे ठेवले. त्याचा अर्थ, ‘मला जे म्हणायचे आहे ते इथे नाही.’ बाईंनी आणखी एक ताकीद दिली: त्यांचा हात धरून बोट चित्रावर नेऊ नये. हात धरणाऱ्याला कळतही नाही आणि त्याच्याच मनातले उत्तर बाहेर येते. कोपराला उशीचा आधार द्यावा, पण बोट त्यांचेच हवे.

या फलकाकडे आप्पांनी बराच वेळ पाहिले. मग त्यांचे बोट ‘मला विचारा’ या शब्दांवर गेले आणि तिथेच राहिले.

त्या घरात रोज रात्री नऊ वाजता एक झटापट होई. गोळी दुधाबरोबर द्यायची असे. आप्पा दात घट्ट मिटून घेत, कधी दूध अंगावर सांडीत, कधी तोंडात घेतलेले थुंकून टाकीत. घास गिळण्यास त्रास होत असेल म्हणून तपासणी झाली. चव आवडत नसेल म्हणून वेलदोडा घालून पाहिला. थोरले चिरंजीव दिवसभराच्या कामाने थकलेले असत. ते हनुवटी धरून म्हणत, “आप्पा, लहान मुलासारखं करू नका हो.” शेवटी दूध पोटात जाई. आप्पा भिंतीकडे तोंड करून झोपत.

ज्येष्ठातील एका रात्री सूनबाईंनी पेला बाजूला ठेवला आणि फलक आप्पांच्या मांडीवर दिला. बोट ‘दूध’ आणि मग ‘नको’ या घरांवर गेले. “पोटात दुखतं का?” मान हलली, नाही. “फार गरम आहे?” नाही. मग बोट सूर्यावर गेले. “सकाळी घेणार?” नाही. “उकडतंय? पंखा लावू?” नाही. आप्पांनी पुन्हा सूर्यावर बोट ठेवले आणि हात पुठ्ठ्याच्या कडेवरून खाली सोडला. पुन्हा सूर्य आणि पुन्हा हात खाली. मग दूध. मग नको. तीन वेळा हेच झाले. दारात उभा असलेला नातू म्हणाला, “आई, सूर्य बुडाला. आजोबा म्हणतायत, सूर्य बुडालाय.”

खोलीत कोणी काही बोलले नाही. आप्पांनी वयाच्या तिसाव्या वर्षी, गावात चातुर्मास झालेल्या मुनी महाराजांकडून रात्रिभोजनत्यागाचा नियम घेतला होता. हंगामाच्या गर्दीतही ते सूर्यास्तापूर्वी पेढीवरून उठत, आणि ही गोष्ट साऱ्या पेठेला ठाऊक होती. रुग्णालयात शुद्ध नव्हती, तेव्हा नियम मोडला तो आपत्काल होता. पण घरी आल्यावर तो पुन्हा सुरू करावा, हे कोणाच्या मनातच आले नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ, रोज रात्री, ज्यांचे त्यांच्यावर प्रेम होते त्यांनीच हनुवटी धरून त्यांचा नियम मोडविला होता. आणि तो माणूस दात मिटून, आपल्याजवळ उरलेल्या एकाच मार्गाने, तो पाळू पाहत होता.

दुसऱ्या दिवशी थोरल्या चिरंजीवांनी डॉक्टरांना विचारले. गोळी सायंकाळी साडेपाचला दिली तर चालेल, त्यात काहीच अडचण नाही, असे ते म्हणाले. तोवर त्यांना तसे कोणी विचारलेच नव्हते. त्या दिवसापासून नऊची झटापट संपली.

परंतु चिरंजीवांच्या मनात आता दुसरी शंका उभी राहिली. पौषात त्यांनी आप्पांना विचारले होते, “आप्पा, मागचं गोदाम देऊन टाकू का? खर्च फार वाढलाय.” आप्पा म्हणाले होते, “हो.” त्या एका शब्दावर विसार घेतला गेला. खरेदीखत आषाढात व्हायचे होते आणि त्यावर आप्पांच्या डाव्या हाताचा अंगठा घ्यायचा होता. आता चिरंजीवांना आठवले, की त्या दिवशी ‘हो’ म्हटल्यावर आप्पा रात्रभर तळमळत होते.

बाईंनी सांगितले, ते व्यापारी घरात फार जपून ऐकण्यासारखे आहे. वाचाघातात ‘हो’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल होते. मनात नाही असते आणि जिभेवर हो येते. कित्येकदा माणसाला आपल्या तोंडून उलटा शब्द गेल्याचे कळते, पण तो मागे घेण्यासाठीही शब्द नसतो. म्हणून महत्त्वाच्या गोष्टीत तोंडच्या ‘हो’वर व्यवहार करू नये. पर्याय कागदावर ठळक लिहावेत, वाचून दाखवावेत आणि बोट ठेवू द्यावे. दुसऱ्या दिवशी त्यांचा क्रम बदलून पुन्हा विचारावे. दोन्ही दिवशी उत्तर एकच आले, तर ते उत्तर. खाते दोनदा तपासल्याशिवाय मेळ बसला असे कोणता मुनीम म्हणतो?

चिरंजीवांनी कागदावर तीन ओळी लिहिल्या: ‘विकायचे’, ‘विकायचे नाही’ आणि ‘दुसरे काही’. आप्पांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी क्रम बदलला, तरी बोट त्याच ओळीवर गेले. मग त्यांनी फलकाकडे हात केला, पेठेतल्या माणसांचे पान उलगडावयास लावले आणि एका म्हाताऱ्या हमालाच्या छायाचित्रावर बोट टेकले. त्यानंतर स्वतःच्या छातीवर. हा हमाल गोदामामागच्या खोलीत राहत असे. विक्रीत ती खोलीही जाणार होती. “आप्पा, त्याला तुम्ही काही शब्द दिला होता का?” चिरंजीवांनी विचारले. आप्पांनी त्यांचा हात धरला आणि बोटे दाबली. खात्री करण्यासाठी हमालाला बोलावले. तो संकोचाने म्हणाला, “मालक म्हणाले होते, मरेपर्यंत खोली तुझी. पण आता त्यांचं असं झालं, मी कुठल्या तोंडानं आठवण करून देऊ?”

मराठीत वचन म्हणजे बोलणे आणि वचन म्हणजे दिलेला शब्दही. बोलण्याचे वचन हरपले, तरी दिलेले वचन त्या माणसाने छातीशी धरून ठेवले होते. चिरंजीव खरीददाराकडे गेले आणि सारे सांगितले. खोली वगळून व्यवहार झाला, रक्कम कमी आली. घरात त्यावरून दोन दिवस कुरकुरही झाली. अंगठा घेण्याच्या दिवशी मात्र आप्पांनी डावा हात आपणहून पुढे केला.

अशी घरे समाजात थोडी नाहीत. कोठे पक्षाघात झालेले आजोबा असतात, कोठे मेंदूच्या पक्षाघाताचे किंवा स्वमग्नतेचे मूल, कोठे स्वरयंत्र काढावे लागलेले काका. पैशाची चणचण नसलेल्या घरातही त्यांच्यासाठी चांगला पलंग येतो, परिचारिका येते, पण बोलण्याचे साधन येत नाही, कारण असे काही असते हेच ठाऊक नसते. मुंबईच्या आय.आय.टी.तील आय.डी.सी. या अभिकल्प विभागात घडलेले ‘जेलो कम्युनिकेटर’ हे विनामूल्य ॲप मराठीतही चालते. मुख्यतः मुलांचा विचार करून ते केलेले आहे. चित्रांच्या बाजूंना आवडते, नावडते, हो, नको, जास्त, कमी अशी सहा बटणे आहेत, आणि चित्राला त्यांपैकी एक जोडले की भ्रमणध्वनी ते वाक्य उच्चारतो. चेन्नईत अजित नारायणन यांनी ‘विद्यासागर’ या संस्थेतील मुलांबरोबर काम करीत ‘आवाज’ हे साधन घडविले. ज्यांना अक्षरे जुळविता येतात त्यांच्यासाठी टंकलेले वाचून दाखविणारी यंत्रे आहेत. मुंबईच्या मालिनी छिब यांनी मेंदूच्या पक्षाघातामुळे बोलणे अस्पष्ट असताना एका बोटाने टंकन करून ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापली होती.

आयांच्या मनात एक भीती नेहमी असते: चित्रे दिली तर मूल बोलायचेच बंद होईल. या विषयावरील अभ्यासांत तसे आढळलेले नाही. अशा साधनांनी बोलणे कमी होत नाही, आणि काही मुलांत ते थोडे वाढते. काठी दिल्याने कोणी चालणे विसरत नाही, तसेच हे. कायद्यानेही ही गोष्ट मान्य केली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत वाचा आणि भाषेचे दिव्यांगत्व आहे, त्यात वाचाघाताचा उल्लेख आहे, आणि ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत अशा पूरक व पर्यायी साधनांचा समावेश आहे.

साधन कोणतेही असो, समोर बसणाऱ्याला काही पथ्ये पाळावी लागतात. दूरदर्शन संच बंद करावा. उभ्याने न बोलता समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसावे. एका वेळी एकच विचारावे आणि मनात दहा आकडे होईपर्यंत थांबावे. वाक्य पुरे करून देण्याची घाई करू नये. “हे काय आहे सांगा बघू,” अशी परीक्षा पाहुण्यांसमोर घेऊ नये, कारण उत्तर ठाऊक असलेला प्रश्न हा संवाद नव्हे. कळले नाही तर कळल्याचे सोंग आणू नये. “मला समजलं नाही, पण तुम्हाला काहीतरी सांगायचंय हे मला माहीत आहे,” असे म्हणावे. या एका वाक्याने माणूस डोळे उघडून बसतो, हे आप्पांच्या घरी अनुभवास आले. आणि फलकावर केवळ पाणी, जेवण, दुखणे एवढेच शब्द असू नयेत. भाव काय, कोण आले, हे चुकले, मंदिरात न्या, गंमत, राग हे शब्दही असावेत. माणूस काही केवळ गरजांची यादी नसतो.

दिगंबर परंपरेत एक कथा सांगितली जाते. भगवान महावीरांना केवलज्ञान झाले, समवसरण रचले गेले, पण 66 दिवस दिव्यध्वनी खिरली नाही. ती झेलून घेईल असा गणधर तिथे नव्हता. इंद्रभूती गौतम आले आणि विपुलाचलावर वाणी प्रकटली. वीरशासन जयंती त्या दिवसाची. तीर्थंकरांच्या वाणीची तुलना कशाशीही करावयाची नसते. परंतु श्रावकाने त्या 66 दिवसांतून आपल्यापुरता एक बोध घ्यावा: योग्य ऐकणारा येईपर्यंत वाणी थांबून राहते. ‘श्रावक’ या शब्दाचा अर्थच मुळी ऐकणारा असा आहे.

भाद्रपद आला. दशलक्षण पर्व पार पडले आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला. घरातल्या प्रत्येकाने माडीवर जाऊन आप्पांच्या पायांवर डोके ठेवले आणि क्षमा मागितली. थोरल्या चिरंजीवांना तर “आप्पा, त्या रात्रींबद्दल...” यापुढे बोलता आले नाही. त्या क्षणी शब्द त्यांचेही गेले होते. आप्पांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांचे बोट फलकावर फिरू लागले आणि शेवटच्या कोऱ्या घरावर थांबले. जे म्हणायचे होते ते तिथे नव्हते.

सर्वजण तर्क करू लागले. मंदिर? नाही. तात्यांना बोलावू? नाही. हमाल? नाही. आप्पांनी डावा हात उचलला आणि पंजा उभा करून छातीसमोर धरला. सूनबाई घाबरल्या, “छातीत दुखतंय का?” बोट लगेच ‘नको’वर आदळले आणि पंजा पुन्हा छातीसमोर उभा राहिला. उजवा हात मांडीवर निपचित पडला होता.

नातू पुढे झाला. त्याने क्षणभर आजोबांच्या हाताकडे पाहिले आणि आपला उजवा पंजा त्यांच्या डाव्या पंजाला लावला. दोन हात जुळले. आप्पांनी ते जुळलेले हात एकेकाकडे वळविले: सूनबाईंकडे, दोघा चिरंजीवांकडे, शेवटी नातवाकडे.

सकाळपासून सर्वांनी त्यांची क्षमा मागितली होती. त्यांनाही कोणाची क्षमा मागावयाची असेल, हे फलक करताना कोणालाच सुचले नव्हते. सायंकाळी सूर्य मावळण्यापूर्वी आप्पांचे जेवण उरकले, आणि मग नातवाने रंगाची पेटी काढून फलकावर एक घर वाढविले. त्यात जोडलेले हात काढले आणि खाली लिहिले, ‘उत्तम क्षमा’. कोरे घर त्याने होते तसेच शेवटी ठेवले.